‘सेशन एक्स्पायर्ड’ आणि डिस्चार्ज कार्ड

निवासी डॉक्टर वॉर्डातल्या संगणकावर डिस्चार्ज कार्ड लिहायला बसतो. रुग्ण बारा दिवस दाखल होता. तपासण्या, बदललेली औषधे, कोणत्या अँटिबायोटिकने अंगावर पुरळ आले, घरी गेल्यावर कोणती गोळी बंद करायची, असे सगळे एका पानावर आणायचे असते. अर्धे लिहून होते तोच कॅज्युअल्टीतून फोन येतो. अर्ध्या तासाने परत येऊन तो उरलेला मजकूर टाइप करतो, ‘सेव्ह’ दाबतो आणि पडद्यावर ओळ येते : तुमचे सेशन संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा. लॉगिन केल्यावर समोर कोरा फॉर्म असतो. बाहेर नातेवाईक रिक्षा थांबवून उभे असतात. दुसऱ्यांदा लिहिलेले कार्ड पहिल्यापेक्षा आखूड होते, आणि त्या आखूड कार्डातून पुरळाची ओळ गळू शकते. संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात हा प्रसंग नवलाईचा नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच नेहमीची आहे. ओपीडीतले डॉक्टर राऊंडला निघून जातात, संगणक चालूच राहतो. पडद्यावर एका तरुणाचा एचआयव्ही अहवाल आणि टेबलाच्या अलीकडे त्याच गावचे चार लोक. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. पण रिकाम्या खुर्चीला कायदा कळत नाही. म्हणून काही काळ कोणी काम केले नाही तर संगणकाने आपणहून दार लावून घ्यावे, अशी सोय असते. संगणकाच्या भाषेत तिला सेशन टाइमआउट म्हणतात.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा होण्याचे कारण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातली मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. माहिती कोण पाहू शकतो यावर नियंत्रण ठेवणे, कोणी कधी काय पाहिले याच्या नोंदी किमान एक वर्ष जपणे, या गोष्टी नियमांत स्पष्ट आहेत. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे रुग्णालयांच्या संगणक विभागांत आता धावपळ सुरू होणार. अशा धावपळीत सर्वांत स्वस्त आणि अहवालात सर्वांत चांगला दिसणारा उपाय म्हणजे टाइमआउटचा आकडा तीस मिनिटांवरून पाचावर आणणे. त्यासाठी एक ओळ बदलावी लागते, खर्च शून्य. प्रश्न असा की त्याने रुग्ण अधिक सुरक्षित होतो का.

उत्तरासाठी हे घड्याळ कसे चालते ते थोडे समजून घ्यावे लागेल. वेबसाइट ज्या भाषेत सर्व्हरशी बोलते त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक क्लिक म्हणजे सर्व्हरच्या लेखी नवा माणूस. केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून एकेका मिनिटाने सगळे विसरत असावा, तसे. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी तोडगा काढला : ब्राउझरकडे एक छोटी चिठ्ठी ठेवायची आणि दर वेळी ती दाखवायची. हीच कुकी. पुढे सर्व्हरवर चालणाऱ्या भाषांनी त्या चिठ्ठीवर फक्त एक क्रमांक ठेवला, आणि त्या क्रमांकाची फाइल, म्हणजे कोण लॉगिन आहे, त्याला काय अधिकार आहेत, तो काय करतो आहे, ही माहिती आपल्याकडे ठेवली. रुग्णाच्या हातात नंबर आणि रेकॉर्ड रूममध्ये फाइल, अशी ही व्यवस्था.

फायली कायम ठेवता येत नाहीत, म्हणून मुदत आली. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपीमध्ये ही मुदत आपोआप वीस मिनिटे असे. पीएचपीमध्ये ती १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटे असते. जावाच्या टॉमकॅट सर्व्हरवर तीस. या आकड्यांचा रुग्णसेवेशी काडीचाही संबंध नाही. सर्व्हरची जागा फार अडू नये आणि सर्वसाधारण माणसाचे काम होऊन जावे, अशा बेताने कोणा अभियंत्याने ठेवलेले ते आकडे आहेत. कंत्राटदाराने ते बदलले नाहीत तर तेच आकडे अतिदक्षता विभागात येऊन बसतात.

पीएचपीची आणखी एक गंमत आहे. मुदत संपली म्हणून फाइल त्याच क्षणी जात नाही. जुन्या फायली काढणारा झाडूवाला नेहमीच्या मांडणीत शंभरातून किंवा हजारातून एखाद्या विनंतीच्या वेळी फिरकतो. म्हणजे सकाळी अकराच्या गर्दीत, शेकडो क्लिक होत असताना, तो सतत फिरत असतो आणि चोवीस मिनिटे होताच फाइल उचलतो. रात्री दोन वाजता, कोणी काम करत नसताना, तीच फाइल तासन् तास पडून राहू शकते. डॉक्टर राबत असताना दार आपटायचे आणि खुर्ची रिकामी असताना उघडे ठेवायचे, हे गरजेच्या नेमके उलट झाले. प्रत्येक विनंतीच्या वेळी शेवटच्या कामाची वेळ तपासून निर्णय घेणे हा यावरचा उपाय, आणि तो काही ओळींचा आहे. पण त्या ओळी लिहिल्या आहेत का, हे रुग्णालयाने विचारल्याशिवाय कळत नाही.

आता मुख्य अडचण. सर्व्हरला ‘निष्क्रिय’ म्हणजे काय ते कळते कसे? त्याला फक्त त्याच्याकडे आलेल्या विनंत्या दिसतात. फॉर्ममध्ये टाइप केलेली अक्षरे ‘सेव्ह’ दाबेपर्यंत ब्राउझरमध्येच असतात, सर्व्हरपर्यंत पोहोचत नाहीत. पंचवीस मिनिटे मन लावून डिस्चार्ज कार्ड लिहिणारा डॉक्टर सर्व्हरच्या दृष्टीने गैरहजर असतो. शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाचे हात गुंतलेले असतात, नजर मात्र पडद्यावर असते. तोही गैरहजर. उलट वॉर्डातल्या खाटांची स्थिती दाखवणारे पान दर तीस सेकंदांनी आपोआप ताजे होत असेल, तर दर वेळी सर्व्हरकडे विनंती जाते आणि ते सेशन कधीच संपत नाही. खोलीत चिटपाखरू नसले तरी सर्व्हर समजतो, डॉक्टर साहेब कामात आहेत. हजर माणूस गैरहजर धरला जातो आणि गैरहजर माणूस हजर. आकडा पाच केला काय किंवा पन्नास केला काय, ही गफलत त्याने सुटत नाही.

आणि आकडा फार लहान केला तर काय होते, याचे पुरावे बाहेर देशांत भरपूर आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले रॉस कोपेल, डार्टमथमधले शॉन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकी रुग्णालयांतल्या अशा पळवाटांची नोंद केली. माणूस दूर गेला की संगणक बंद करणाऱ्या सेन्सरवर डॉक्टर-परिचारिका थर्मोकोलचे कप उपडे घालत. एका ठिकाणी चमूतल्या सर्वांत कनिष्ठ डॉक्टरचे काम ठरलेले होते : सगळ्यांच्या कीबोर्डवर अधूनमधून स्पेस बार दाबत राहायचे. आपले सेशन पुढच्या सहकाऱ्यासाठी उघडे सोडणे ही तर सौजन्याची रीत मानली जाई. त्याच लेखात असाही प्रकार आहे की उघड्या राहिलेल्या संगणकावर दुसऱ्याच रुग्णाची फाइल आहे हे लक्षात न येता औषधाची ऑर्डर दिली गेली. ही माणसे बेफिकीर नव्हती. दिवसातून अनेकदा पासवर्ड मागणारे यंत्र आणि समोर धाप लागलेला रुग्ण यांतून त्यांनी रुग्ण निवडला.

इंग्लंडमध्येही हेच झाले. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने कर्मचाऱ्यांना स्मार्टकार्ड दिली होती. प्रत्येकाने स्वतःचे कार्ड घालायचे, काम झाले की काढायचे. साउथ वॉरिकशायरच्या रुग्णालयात लॉगिन व्हायला साठ ते नव्वद सेकंद लागत. अपघात विभागात हे परवडेना, तेव्हा २००७ च्या सुमारास रुग्णालयाच्या मंडळानेच परवानगी दिली की पाळीच्या प्रमुखाचे कार्ड संगणकात राहू द्यावे आणि सगळ्यांनी त्यावर काम करावे. सुरक्षेसाठी आणलेली व्यवस्था अशी एका माणसाच्या नावावर सगळ्या विभागाच्या नोंदी करू लागली.

तेरा वर्षांनी तिथल्याच सरकारला प्रश्नाचे मूळ सापडले असे म्हणता येईल. जानेवारी २०२० मध्ये आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी केवळ लॉगिनचा वेळ कमी करण्यासाठी चार कोटी पौंड जाहीर केले. काही कर्मचाऱ्यांना एका पाळीत पंधरापर्यंत वेगवेगळ्या प्रणालींत लॉगिन करावे लागत होते. लिव्हरपूलच्या ऑल्डर हे बालरुग्णालयाचे उदाहरण तेव्हा दिले गेले. तिथे एकाच लॉगिनची सोय केल्यावर पाऊणे दोन मिनिटांचे काम दहा सेकंदांवर आले. दिवसाला सुमारे पाच हजार लॉगिन होत असल्याने रोज १३० तासांहून अधिक वेळ वाचला. परत आत येणे दहा सेकंदांचे असेल तर पाच मिनिटांचा टाइमआउटही कोणाला जाचत नाही. ते पावणे दोन मिनिटांचे असेल तर अर्ध्या तासाचाही जाचतो. म्हणजे दार किती लवकर लागते यापेक्षा ते परत किती लवकर उघडते, याकडे आधी पाहायला हवे.

भारतात पासवर्ड वाटून घेण्यासाठी थर्मोकोलच्या कपाचीही गरज पडत नाही. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला कागद पुरतो. मेडिको-लीगल प्रकरणात याचा अर्थ काय होतो ते डॉक्टरांनी लक्षात घेण्यासारखे आहे. संगणकीय नोंदीवर नाव आणि वेळ आपोआप पडते. रजेवर असलेल्या डॉक्टरच्या नावाने इंजेक्शनची ऑर्डर निघाली असेल तर न्यायालयात ती कोणी दिली हे सिद्ध करणे अवघड. वर्षभर जपलेल्या त्या नोंदी मग नियमाचे समाधान करतील, सत्य सांगणार नाहीत.

सेशनमधून होणारा आणखी एक धोका टाइमआउटपेक्षा गंभीर असून त्याची चर्चा जवळपास होतच नाही. काही प्रणाल्या ‘सध्याचा रुग्ण’ कोण, हे सेशनच्या फाइलमध्येच लिहून ठेवतात. डॉक्टर एका टॅबमध्ये खाट क्रमांक चारची फाइल उघडतो आणि तुलनेसाठी दुसऱ्या टॅबमध्ये खाट क्रमांक नऊची. ब्राउझर एक, कुकी एक, म्हणून सर्व्हरच्या लेखी सेशनही एकच. आता सध्याचा रुग्ण झाला नऊ नंबर. डॉक्टर पहिल्या टॅबवर परततो, समोर चार नंबरचे नाव दिसते, इन्सुलिनचा डोस लिहून ‘सेव्ह’ करतो आणि नोंद जाते नऊ नंबरच्या नावावर. पुन्हा लॉगिन केल्यावरही असेच होऊ शकते : मधल्या वेळात त्याच संगणकावर दुसऱ्याने लॉगिन केले असेल, तर जुन्या पानावरचे बटण नव्या माणसाच्या नावाने काम करते. उपाय साधा आहे. प्रत्येक फॉर्मसोबत त्या रुग्णाचा आणि लिहिणाऱ्याचा क्रमांक जावा आणि तो सर्व्हरने पडताळावा. जुळला नाही तर नोंद घेऊच नये. नवी प्रणाली स्वीकारताना दोन टॅब उघडून हे पाहायला पाच मिनिटे लागतात.

मग मुदत असावी तरी किती? अमेरिकेच्या २००३ च्या आरोग्य माहिती सुरक्षा नियमाने ‘ठरावीक निष्क्रिय काळानंतर’ सेशन बंद करण्याची तरतूद केली, पण मिनिटांचा आकडा दिला नाही. भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांतही आपोआप लॉग-ऑफची अट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत मध्यम दर्जाच्या सुरक्षेसाठी निष्क्रियतेची मर्यादा तीस मिनिटे, उच्च दर्जासाठी पंधरा, आणि काम चालू असले तरी बारा तासांनी पुन्हा ओळख, असे आकडे होते. ते सुरुवातीला धरायला ठीक आहेत. पण लोकांच्या रांगेसमोरचा नोंदणी कक्ष आणि बाहेरच्याला प्रवेश नसलेले ऑपरेशन थिएटर यांना एकच आकडा लावणे म्हणजे तापाच्या सगळ्या रुग्णांना एकच गोळी देण्यासारखे आहे. नोंदणी खिडकीवर पडदा दोन-तीन मिनिटांत झाकला जावा. थिएटरमध्ये भूल देण्याचा आलेख चालू असताना तो झाकलाच जाऊ नये. तिथे दाराला कुलूप आहे, ते पुरेसे आहे.

‘झाकणे’ आणि ‘बाहेर काढणे’ यांतला फरकही महत्त्वाचा. पडदा झाकला तर खालचे काम जसेच्या तसे राहते. त्याच माणसाने पिन किंवा कार्ड दाखवले की तिथूनच सुरू करता येते. सेशन मोडले तर सगळे जाते. गुप्तता पहिल्या मार्गानेही बऱ्यापैकी साधते. शिवाय सेशन मोडण्याआधी मिनिटभर इशारा द्यावा. लिहिलेला मजकूर दर अर्ध्या मिनिटाला मसुदा म्हणून सर्व्हरवर जपावा, आणि पुन्हा लॉगिन झाल्यावर डॉक्टरला मुखपृष्ठावर नव्हे, त्याच पानावर आणावे. मसुदा सर्व्हरवरच हवा. तो ब्राउझरमध्ये ठेवण्याचा मोह प्रोग्रामरला होतो, पण वॉर्डातला संगणक दहा जण वापरतात, तिथे मागे राहिलेला मसुदा म्हणजे उघड्यावर पडलेला केसपेपरच. सर्व्हरला ‘अजून आहे’ असे कळवणारा संदेश माणसाने खरोखर कळ दाबली किंवा माउस हलवला तरच जावा, आपोआप ताज्या होणाऱ्या पानामुळे नव्हे. यातले काहीही नवे किंवा महाग तंत्रज्ञान नाही. बँकांच्या वेबसाइट इशारा देण्याचे काम कितीतरी वर्षे करत आहेत. रुग्णालयांच्या निविदांमध्ये सर्व्हरची क्षमता, प्रिंटरची संख्या तपशिलाने येते, हे येत नाही.

एवढे करून रुग्णालय हल्ल्यापासून सुरक्षित होते असेही नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि जवळपास दोन आठवडे हे रुग्णालय कागद-पेनावर चालले. नेटवर्कचे विभाग नीट वेगळे न केल्याने हे घडले, असे सरकारने संसदेत सांगितले. निष्क्रिय सेशनचा त्यात विषय नव्हता. म्हणूनच टाइमआउटचा आकडा कमी करून ‘सुरक्षा वाढवली’ असे लिहिणाऱ्या अहवालाकडे अधिष्ठात्यांनी जरा संशयाने पाहावे. तो घराच्या खिडकीला कडी लावल्याचा अहवाल असतो. मागचे दार कसे आहे ते वेगळे विचारावे लागते.

हे घड्याळ रुग्णालाही भिडते. ओपीडीची ऑनलाइन नोंदणी, आयुष्मान कार्ड, आरोग्य खाते यांचे फॉर्म भरताना आधार क्रमांक शोधायचा, मोबाइल मुलाकडे असतो म्हणून ओटीपीसाठी त्याला फोन लावायचा, चष्मा घालून पत्ता टाइप करायचा, यात साठीच्या माणसाचा वेळ जातोच. मोतीबिंदू, थरथरते हात, पक्षाघात असेल तर आणखी जातो. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत याचे उत्तर आधीच लिहिलेले आहे. वेळ संपण्याआधी किमान वीस सेकंद सूचना द्यावी, एखादी साधी कळ दाबून वेळ वाढवता यावा, आणि असा किमान दहा वेळा वाढवता यावा. भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे याच निकषांवर बेतलेली आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्यांना ई-केवायसीसाठी पापण्या मिटवून दाखवता येत नाहीत या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. दोन मिनिटांत फॉर्म भरता आला नाही म्हणून आजोबा पुन्हा पहाटे रांगेत उभे राहत असतील, तर त्या निकालाचा संबंध त्यांच्याशीही आहे.

तोवर घरच्यांनी तीन गोष्टी कराव्यात. कागदपत्रे आणि ओटीपी येणारा फोन आधी समोर घेऊन मगच फॉर्म उघडावा. लांबलचक मजकूर लिहायचा असेल तर तो आधी दुसरीकडे लिहून नंतर चिकटवावा. आणि सायबर कॅफे किंवा सेवा केंद्रातल्या संगणकावर काम झाले की खिडकी नुसती बंद न करता ‘लॉगआउट’ दाबावे. सर्व्हरवरची ती फाइल बऱ्याचदा तेव्हाच मिटते. नुसता ब्राउझर बंद केला तर ती मुदत संपेपर्यंत, आणि झाडूवाला फिरकेपर्यंत, तशीच उघडी राहू शकते.